आत घेतलेला श्वास

आज सकाळी पांदीच्या अंगाला मळणीयंत्र सुरू झालं आणि मी चहाचा कप तसाच ठेवून घरातल्या खिडक्या लावत सुटलो. एक, दोन, तीन, चार. चौथी लावताना आई म्हणाली, "आता कुणासाठी लावायलास?"

मी म्हणालो, "धूळ येते."

"येऊ दे की."

पाचवी खिडकी उघडीच राहिली.

आमच्या पाथरीकडचं ऑक्टोबरातलं ऊन सोनेरी असतं, असं मी मुंबईत असताना लोकांना रंगवून सांगायचो. ऊन कुठलंही असो, ते सोनेरी दिसतं ते त्यात सोयाबीनचं भुसकट तरंगत असतं म्हणून. एकेका शेतातली सुडी, म्हणजे कापून रचलेला ढीग, यंत्राच्या तोंडी लागते, एका बाजूनं दाणे पोत्यात पडतात आणि दुसऱ्या बाजूनं उरलेला सगळा पाला, शेंगांची टरफलं, कुस, माती असा धुराळा आभाळात जातो. तो तिथं थांबत नाही. माठातल्या पाण्यावर त्याची साय धरते, वाळत घातलेल्या धोतराला तो खाज आणतो, पापणीच्या केसांवर बसतो. संध्याकाळी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येतं, इतका तो मळतो. सगळं गाव खोकत असतं, पण हसत खोकत असतं. सुगीतला खोकला कुणी मनावर घेत नाही. धान्य घरात आल्याची ती वर्दी असते.

खिडक्यांचं ते प्रकरण झालं आणि तासाभरात वृत्तवाहिनीच्या रेवती मॅडमचा मेल आला. "सर, आपली चॅनेलची ओळख आता थोडी जुनी वाटायला लागली आहे. नवीन काहीतरी करूया. आणखी छोटं, आणखी फास्ट." मळणी आणि मेल, दोन्ही गोष्टींनी एकाच दिवशी यायचं काही कारण नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वीही त्या अशाच जोडीनं आल्या होत्या.

माझा धंदा काय, हे मला वीस वर्षांत गावाला सांगता आलेलं नाही. बातम्या सुरू व्हायच्या आधी पडद्यावर काहीतरी चमकत येतं, फिरतं, त्यातून वाहिनीचं नाव उभं राहतं, ते मी करतो. खालून सरकणारी पट्टी, कोपऱ्यातलं चिन्ह, हवामानाचा ढग, निवडणुकीचे रकाने, सगळं हलतं ते मी हलवतो. एकदा पारावर हे सविस्तर सांगितलं. शेजारचे ज्ञानबाकाका मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजी बातम्या दुसराच सांगतो?"

"हो."

"आन् तू निस्तं फिरवतूस."

"हो."

"बरं हाय," म्हणाले. "बसून काम हाय."

अण्णा, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांनी मात्र "माझा मुलगा टीव्हीत आहे" एवढंच सांगून ठेवलं होतं. त्यामुळे कित्येक वर्षं गावातले लोक माझा चेहरा शोधत बातम्या बघायचे आणि मी दिसलो नाही की सुटीवर असेन असं समजायचे.

दोन वर्षांपूर्वी, त्या सुगीत, मी खरोखरच सुटीवर होतो, पण न संपणाऱ्या. मुंबईतला आमचा स्टुडिओ बंद झाला. जे करायला मला महिना लागायचा ते आता तयार साच्यातून दुपारच्या जेवणाआधी होत होतं. बायको आणि मुलगी पुण्यात, मुलीचं कॉलेज. मी संगणक बांधून घेतला आणि गावी आलो. आईला सांगितलं, सुगीला आलोय. वीस वर्षांत एकदाही सुगीला न आलेला माणूस. आई बिचारी खूश झाली. अण्णांनी टेम्पोतून उतरणारे दोन मॉनिटर, तो पेटीएवढा संगणक आणि त्याच्यासाठी आणलेला एसी बघितला आणि चष्मा पुसत म्हणाले, "एवढं सगळं घेऊन सोयाबीन काढतात होय रे आता?"

त्यांना कळलं होतं. शाळेत त्यांनी जन्मभर खोटी कारणं ऐकली होती, त्यात माझं काही फार वरच्या दर्जाचं नव्हतं. पण ते पुढे काही बोलले नाहीत. बोलायला त्यांना तेव्हा श्वासही पुरत नव्हता. दमा जुनाच, त्यात आयुष्यभर खडूची भुकटी, आणि त्या वर्षी पावसानं उशीर केल्यामुळे सगळ्या गावाची मळणी एकाच पंधरवड्यात आलेली. मी त्यांना पाथरीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, तोंडात मारायचा फवारा बदलला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "औषध देतो, पण खरं औषध एकच आहे. मळणी संपेपर्यंत यांना इथून हलवा. या धुळीत ठेवू नका."

हलवायला जागा होती. माझी ताई येलदरीला असते, मेहुणे धरणावर नोकरीला. तिच्या घरामागे पाण्याचा मोठा पसारा, वारा येतो तो ओला येतो. ताईनं फोनवर खोलीसुद्धा झाडून ठेवली. अण्णा म्हणाले, "तू सोडायला येत असलास तर जातो. एकट्याला एसटीत नाही जमायचं आता."

आणि नेमका त्याच दिवशी रेवती मॅडमचा पहिला फोन आला. नवीन मराठी वृत्तवाहिनी निघत होती. तिची संपूर्ण ओळख, म्हणजे पडद्यावर हलणारं सगळं, करून द्यायची. माझं नाव कुणीतरी सुचवलं होतं. फोन ठेवून मी अण्णांना म्हणालो, "आठ दिवस द्या. एवढं काम हातावेगळं करतो आणि आपण निघू."

"आठ दिवस काय, होतील की," अण्णा म्हणाले.

मी ते वाक्य आजही कुणाला म्हणताना ऐकलं की उठून दुसऱ्या खोलीत जातो.

रेवती मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या आणि दुप्पट नम्र. नम्र माणसाचा नकार फार लागतो. मी पहिल्यांदा पृथ्वी फिरवली. "सर, लव्हली आहे, पण पृथ्वी सगळ्यांचीच फिरते ना." मग मी पोलादी अक्षरं आदळली. "सर, भीती वाटते." मग ज्वाळा, मग कवडसे, मग शेताचे हिरवे पट्टे. प्रत्येक वेळी संगणक एकेक चित्र शिजवत बसायचा. सेकंदाला पंचवीस चित्रं, प्रत्येक चित्राला म्हणायचं फ्रेम. मी माझ्या खोलीच्या खुराड्यात बसून जगाकडे पंचवीसच्या पाढ्यानं बघायचो. पापणी लवते पाच फ्रेममध्ये. आई भाकरी उलटते दहा फ्रेममध्ये. माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मात्र फ्रेममध्ये मोजता येत नव्हतं. वीस वर्षं चकचकीत वस्तू फिरवण्यात गेली आणि आता हात घातला तर आत काही लागत नव्हतं. रिकाम्या कणगीत हात घातल्यासारखं. हे काम गेलं तर पुढचं येणार नव्हतं. त्यानंतर मी खरंच सुगीला आलेला माणूस होणार होतो, आणि सुगीतलंही मला काही येत नव्हतं.

संगणकाला धूळ सोसत नाही. म्हणून मी माझ्या खोलीच्या खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या, दाराखाली ओली गोणी सारली, एसी लावला. तीन दिवस मी त्या थंड, स्वच्छ खोलीत बसलो होतो आणि अण्णा बाहेरच्या खोलीत उशा लावून बसल्या बसल्या झोपायचा प्रयत्न करत होते. हे माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं नाही म्हणजे, दिसत होतं, पण ते दोन वेगवेगळ्या खोल्यांत होतं. चौथ्या दिवशी आई जेवायला वाढताना म्हणाली, "संगणकाला धुराळा लागतो म्हणून खिडक्या लावल्यास. बापाला काय, सोसतो म्हण."

तिनं ते आवाज न चढवता म्हटलं. मी जेवण सोडून उठलो आणि अण्णांची खाट माझ्या खोलीत आणली, माझ्या खुर्चीच्या मागं. पाठीशी बाप बसला की काम कसं होतं ते चित्रकलेच्या मास्तराच्या मुलालाच माहीत. "तो पिवळा ओरडायला लागलाय," मागून आवाज यायचा. थोड्या वेळानं, "आता गप्प बसला."

त्यांचा श्वास त्या बंद खोलीत स्पष्ट ऐकू यायचा. घेताना आखूड, सोडताना लांब. दम्यात हवा आत शिरते आणि बाहेर पडायला कां कू करते, शिटी वाजवत, रखडत निघते. मी कानाला हेडफोन लावायचो, तरी तो खुर्चीच्या पाठीतून यायचा. सवयीनं मी मोजला. घ्यायला पन्नास फ्रेम. सोडायला पंच्याहत्तर. एकूण पाच सेकंद.

मला काही सुचलं वगैरे नाही. मी थकलो होतो आणि पडद्यावर एक आडवी रेघ शिल्लक होती, बाकी सगळं खोडलेलं. माझा हात ती रेघ मागच्या आवाजावर हलवू लागला. रेघ हळूहळू फुगत वर येते, जमीन वर यावी तशी, आणि तिच्याबरोबर वाहिनीचं नाव वर येतं. क्षणभर थांबते. मग सावकाश, फार सावकाश, खाली बसते आणि नाव स्थिर होतं. पन्नास फ्रेम वर. पंच्याहत्तर खाली. ना आग, ना पोलाद.

अण्णा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे बरं आहे. हे तू केलंस."

रेवती मॅडम फोनवर म्हणाल्या, "सर, ह्यात काहीतरी जिवंत आहे." मी वीस वर्षांत असं वाक्य ऐकलं नव्हतं. मी आत जाऊन आईला सांगितलं, काम झालं, उद्या येलदरी. आईनं अण्णांची पिशवी भरली. दोन धोतरं, फवारा, स्वेटर, रंगीत खडूंची डबी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमचा फोन आला. "सर, सगळ्यांना खूप आवडलंय. फक्त पाच सेकंद कोण थांबणार? लोक चॅनेल बदलतात. दोन सेकंदांत बसवा ना."

मी पाच सेकंद दोनात दाबून बसवले तेव्हा ती रेघ उचकी लागल्यासारखी दिसली. मग मी तीन सेकंद कापून टाकले. खाली बसणं काढून टाकलं. रेघ वर येते, नाव वर येतं, आणि तिथंच बातम्या सुरू होतात.

"अरे, हे वर गेलं ते खाली आलंच नाही," अण्णा मागून म्हणाले.

"त्यांना तसंच पाहिजे, अण्णा."

"अर्धवट आहे. शाळेत असतो तर वही परत दिली असती."

मग त्या दोन सेकंदांवरून सगळं बेतायचं निघालं. हवामान, शेतीभाव, खेळ, रात्रीची चर्चा. एकेक छोटा बदल. आठ दिवसांचे पंधरा झाले. अण्णांची पिशवी खुंटीला होती, मधे एकदा आईनं त्यातला स्वेटर काढून उन्हात घातला आणि झटकून परत ठेवला. ताईचा रोज फोन. मी रोज सांगायचो, परवा. अण्णा एकदाही म्हणाले नाहीत की चल. दुसऱ्या कुणाबरोबर त्यांना पाठवता आलं असतं, जीप करून देता आली असती, हे मला आता इतकं सोपं दिसतं की तेव्हा मी नेमका कुठं बघत होतो ते समजत नाही. बहुतेक खालच्या पट्टीच्या लाल रंगाकडे.

त्या दिवशी दुपारी तीनला शेवटचा कॉल होता. वाहिनीचे पाचसहा लोक एकदम पडद्यावर. सगळं मंजूर व्हायचं होतं. आई ज्ञानबाकाकांकडे मळणीच्या माणसांना भाकरी द्यायला गेली होती. त्यांचं यंत्र आमच्या मागच्याच आवारात लागलं होतं. खोलीत मी, आणि मागं खाटेवर अण्णा. मी हेडफोन लावून बोलत होतो, तिकडचं काही अण्णांना ऐकू जात नव्हतं.

रेवती मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या मागे कसला तरी आवाज येतोय. शिटीसारखा, लयीत. पंखा आहे का?"

मी म्हणालो, "हो, पंखा आहे. जुना आहे. बंद करतो."

खोलीत पंखा नव्हता. एसी होता. मी मागं वळून पाहिलं. अण्णा माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली, शाळेत उशिरा आलेल्या मुलाला बस म्हणताना हलवायचे तशी. उठले. खाटेच्या कडेला थोडं थांबले. चपला पायात न घालता हातात घेतल्या, आवाज नको म्हणून. दाराखालची ओली गोणी त्यांनी बाहेर जाऊन पुन्हा नीट सारल्याचं मला दिसलं, कारण ती फटीतून दोनदा हलली. धूळ माझ्या संगणकाला लागू नये म्हणून.

कॉल दीड तास चालला. लाल रंग दोन छटा गडद ठरला. सगळं मंजूर झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी दार उघडलं तेव्हा अण्णा ओट्यावर खांबाला टेकून बसले होते. वारा यंत्राकडून इकडंच येत होता. त्यांच्या भुवयांवर, पालथ्या हातांवर भुसकटाचा पातळ थर बसला होता. खांदे वर जात होते. खांदे पुन्हा वर जात होते. फवारा आत, उशीखाली राहिला होता.

जीप मिळायला वेळ लागला नाही, ज्ञानबाकाकांनी यंत्र बंद करून पोरं पळवली. पाथरीला ऑक्सिजन लावून परभणीला न्या म्हणाले. वाटेत अण्णांनी तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केला आणि विचारलं, "झालं का तुझं?"

"झालं, अण्णा."

"मग जाऊ आता येलदरीला."

येलदरीला परभणीवरूनही जाता येतं. मी म्हणालो, "तिकडंच चाललोय." परभणीपर्यंत रस्ता तोच असल्यामुळे ते खोटं आहे की नाही, हे मला ठरवावं लागलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा गेले.

तेराव्याच्या आसपास वाहिनी सुरू झाली. घरात पाहुणे होते, कुणीतरी टीव्ही लावला. रेघ वर आली, नाव वर आलं, बातम्या सुरू झाल्या. "हे गुरुजींच्या पोरानं केलंय," असं एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि दोघं अदबीनं बघत राहिले. तेव्हापासून ती वाहिनी सगळीकडे आहे. पाथरीच्या स्टँडवरच्या हॉटेलात, केशकर्तनालयात, बँकेत. दर अर्ध्या तासाला पडद्यावर माझा बाप श्वास आत घेतो आणि मधेच कुणीतरी बोलायला लागतं. मी स्टँडवर उभा राहायचं टाळतो. जीपवाले मला घमेंडखोर समजतात.

या दोन वर्षांत मी एक पाहिलंय. आई रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांना टीव्हीपुढे बसते. बातम्यांत तिला काही रस नाही, मंत्री कोण ते तिला सांगता येणार नाही. रेघ वर येते, थांबते, आणि आई तोंडानं श्वास सोडते. सावकाश, लांब. मग पदर सावरते आणि भाजी निवडू लागते. मी मोजला, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. पंच्याहत्तरच्या आसपास भरतो. बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, हल्लीच्या बातम्यांना सगळेच सुस्कारे टाकतात. तुम्ही जरा फिरायला जात जा." बरोबर असेल. माझ्यासारख्या माणसाला दिसलेल्या गोष्टीवर किती विश्वास ठेवावा हा प्रश्नच आहे.

आज दुपारभर मी मेल उघडून बसलो होतो. नको म्हणायला हवं हे मला कळतं, आणि मी हो म्हणणार हेही. नवीन काम लागलं की जुनी रेघ निघणार, एका शुक्रवारी संध्याकाळी, कुणाला न सांगता. ह्या धंद्यात जुन्या ओळखीचा निरोप नसतो. पांदीकडे यंत्र चालू होतं, उघड्या राहिलेल्या पाचव्या खिडकीतून धूळ येत होती आणि पडद्यावर बसत होती. मी ती पुसली नाही.

सात वाजता आईजवळ जाऊन बसलो. तिनं शेवग्याच्या शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. मी म्हणालो, "आई, हे बदलायला सांगितलंय. बातम्यांच्या आधीचं."

"कोन करनार?"

"मीच."

"कर की मंग. पोटाचं हाय." शेंग मोडत ती म्हणाली, "कवापस्तोर हाय हे?"

"महिनाभर असेल."

पडद्यावर रेघ वर यायला लागली. आईनं हातातली शेंग परातीत ठेवली. रेघ वर जाऊन थांबली, आणि आईनं श्वास सोडला. मी बघत होतो ते तिनं पाहिलं.

"काय मोजायलास?"

"काही नाही."

"मला काय कळत न्हाई व्हय? पन्नास वर्सं त्या श्वासाशेजारी झोपले मी." तिनं पदरानं पडद्याकडच्या हवेतली धूळ उगीच वारली. "तू त्येला आत घेऊन ठिवलास तिथं. रोज ठिवतूस. मंग कुनीतरी सोडाया नको का?"